प्रीबिल्ट (कंपनीने जोडून विकलेल्या) गेमिंग पीसीत ३६०० ची रॅम टाकली तर २१३३ लाच चालते, जुनी सोबत लावली की स्क्रीन काळी. रॅम खराब आहे का?

नाही, रॅम खराब असण्याची शक्यता फार कमी आहे. तुम्ही लिहिलंय की पीसीत आय५-१०४०० प्रोसेसर आणि २६६६ वेगाची ८ जीबीची एकच स्टिक (रॅमची पट्टी) होती, म्हणून ८-८ जीबीच्या दोन स्टिकचं ३६०० चं किट आणलंत. तिन्ही लावल्या की कधी पीसी सुरूच होत नाही, कधी गेम मधेच बंद पडतो. नुसत्या नव्या दोन लावल्या तर सगळं सुरळीत, पण वेग दिसतो २१३३, म्हणजे जुनीपेक्षाही कमी. चीड येणं साहजिक आहे. खोक्यावरचा आकडा बघूनच आपण पैसे मोजतो.

पण तो ३६०० आकडा एक्सएमपी प्रोफाइलचा, म्हणजे मानकापेक्षा जास्त वेगाच्या तयार सेटिंगचा असतो. प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची एक बारीक चिप असते आणि तिच्यात वेगाच्या नोंदी असतात. जेडेक या संस्थेच्या मानकाची नोंद १.२ व्होल्टची, मदरबोर्ड ती आपणहून वाचतो. एक्सएमपीची नोंद बहुधा १.३५ व्होल्टची, ती बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावी लागते. सुट्या मदरबोर्डात हा पर्याय समोरच सापडतो. प्रीबिल्टवाले मात्र स्वतःचा बायोस टाकतात आणि बऱ्याचदा त्यात हा पर्यायच ठेवत नाहीत. मग बोर्ड जेडेकची नोंद धरून चालतो, आणि तुमच्या किटमध्ये ती २१३३ ची आहे. शिवाय आय५-१०४०० अधिकृतपणे २६६६ पर्यंतच जातो, आणि त्या पिढीच्या बी४६० बोर्डावर रॅम त्यापुढे नेताच येत नाही. तुमचा बोर्ड तोच असेल तर ३६०० कधीच मिळणार नव्हतं.

आता जरा हिशेब बघा, कारण इथे लोक उगाच निराश होतात. डीडीआर४ (तुमच्या रॅमची पिढी) च्या एका चॅनलला, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या एका वाटेला, २६६६ वर सेकंदाला साधारण २१.३ जीबी मिळतात. तुमची जुनी एकटी स्टिक तेवढंच देत होती. २१३३ वर एका चॅनलला १७ जीबी, पण आता चॅनल दोन आहेत, म्हणजे ३४. विलंबाचं म्हणाल तर २१३३ ला सीएल (डेटा यायला लागणाऱ्या चक्रांची संख्या) १५ असेल तर तो १४.१ नॅनोसेकंद होतो, आणि २६६६ ला सीएल १९ असेल तर १४.३. म्हणजे तो जवळपास सारखाच. थोडक्यात, नुसत्या नव्या दोन स्टिक लावल्या तरी पीसी आधीपेक्षा चांगल्या स्थितीत आहे. किट परत करता येत नसेल तर जुनी स्टिक काढून ठेवा आणि निवांत खेळा.

तिसरी स्टिक लावल्यावर जे होतं, त्याचं कारण वेगळं. रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरमध्ये असतो आणि त्याला सगळ्या स्टिक एकाच वेगावर चालवाव्या लागतात. सुरू होताना बोर्ड सगळ्यांना झेपेल असं टायमिंग शोधतो. चिप वेगळ्या, रँक (एका वेळी मिळून काम करणाऱ्या चिपचा गट) वेगळी, एका चॅनलवर दोन आणि दुसऱ्यावर एक, असं असलं की ते कधी जमतं, कधी नाही. नाही जमलं तर काळी स्क्रीन, अर्धवट जमलं तर गेममध्ये क्रॅश. वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्टिक एकत्र छान चाललेल्याही मी पाहिल्या आहेत, पण त्या भरवशावर पैसे घालायला मी कुणाला सांगणार नाही.

किट परत होत असेल तर बदल्यात काय घ्यायचं? जुन्या स्टिकवरचं स्टिकर बघा. त्यावर अशी ओळ असते: ८ जीबी १आर×८ पीसी४-२६६६व्ही-यूए२-११. ‘१आर’ म्हणजे एक रँक, ‘×८’ म्हणजे प्रत्येक चिप ८ बिटची, पुढचा ‘यू’ म्हणजे साधी डेस्कटॉप रॅम. तिथे ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची. डीडीआर४ मध्ये ती स्लॉटमध्ये बसते, पण तुमच्या पीसीत चालणार नाही. आणि १आर×१६ दिसलं, म्हणजे स्टिकवर चारच चिप, तर ती शक्यतो टाळा. स्वस्त प्रीबिल्टमध्ये ती सर्रास असते आणि गेममध्ये मागे पडते, कारण त्या चिपमध्ये बँक ग्रुप (आळीपाळीने काम करणारे आतले विभाग) निम्मेच असतात. तुम्ही १.२ व्होल्टचं, एक्सएमपीशिवाय ३२०० लिहिलेलं, दोन स्टिकचं एकच किट घ्या. तुमच्याकडे ते मुकाट २६६६ वर चालेल. दिसायला साधं असतं, वर रंगीत दिवे नसतात, पण प्रीबिल्टला हेच मानवतं. घेण्याआधी निर्मात्याच्या साइटवर तुमच्या मॉडेलला जास्तीत जास्त किती जीबी चालते तेवढं बघून घ्या.

बसवताना वीज पूर्ण बंद करून केबल काढा. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा, पण मॅन्युअलचं ऐका. कडेची खिट्टी ‘टक’ होईपर्यंत दाबा. अर्धवट बसलेली स्टिक आणि खराब स्टिक यांची लक्षणं सारखीच असतात. तरीही स्क्रीन आली नाही तर एकच स्टिक लावून बघा, मग सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ स्थितीत आणा. सुरू झाल्यावर सीपीयू-झेड या पीसीची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १३३३ दिसलं तर घाबरू नका, तिथे निम्मा आकडा दाखवतात. ते २६६६ च आहे.

हे वाचणाऱ्या डीडीआर५ वाल्यांसाठी: डीडीआर४ आणि ५ दोन्हींना २८८ पिन असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, जोर लावू नका. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरमध्ये दोन स्टिकला अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो. म्हणून जुन्या दोन ठेवून आणखी दोन घेण्यापेक्षा मोठ्या दोनच घ्या. नवी रॅम लावल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. ते मेमरी ट्रेनिंग (बोर्डाचं टायमिंग शोधणं) असतं, मधे बटण दाबून बंद करू नका.

आणि कुठलीही जोडी लावली तरी गेम उघडण्याआधी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालू द्या. एकही एरर आली तर दोन्ही स्टिक त्याच स्लॉटमध्ये एकेक करून तपासा. एकटीवर एरर आली तर ती स्टिक बदलून घ्या. दोन्ही एकेकट्या पास झाल्या आणि जोडीनेच एरर देत असल्या, तर बायोस अपडेट करून पुन्हा टेस्ट लावा.