खोगीर अरुंद की रुंद?

प्रश्न : माझा काठियावाडी घोडा अकरा वर्षांचा आहे. पावसात सवारी बंद होती, चवथीनंतर पुन्हा सुरू केली. पंधरा दिवसांत तो खरारा करतानाही अंग चोरू लागला. खोगीर काढलं की पाठ घामाने चिंब असते, पण दोन्ही फऱ्यांमागे (खांद्यांमागे) तळहाताएवढा भाग कोरडा. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, खोगीर अरुंद आहे, चिमटतंय, नवं घ्या. पुण्याहून आलेले खोगीरवाले म्हणाले, उलट ते रुंद आहे, खाली जाड नमदा, म्हणजे लोकरीची घडी, घाला. सवारी शिकवणारे सर म्हणतात, दुखणं मागच्या पायाचं आहे. तिघेही जाणते. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, आधी सवारी थांबवा, आजपासूनच. दुखणं कमी करणारं औषध चालू असेल तर त्या दिवसांत मुळीच बसू नका. औषधाने त्याला कळ जाणवत नाही, पण खोगीर रुततच असतं.

चिंब पाठीवर कोरडा डाग राहतो तो बहुधा तिथे दाब फार पडल्यामुळे. तिथेच हात लावल्यावर तो दचकत असेल, तर शंका उरत नाही. म्हणजे डॉक्टरांनी दुखरी जागा बरोबर ओळखली आहे. पण त्या जागेवरून खोगीर अरुंद आहे असं ठरत नाही. अरुंद खोगीर तिथे चिमटतं, आणि रुंद खोगीर पुढे खाली बसून तिथेच रुततं. दोन्हींची जखम सारखी दिसते, उपाय मात्र उलटे.

फरक तुम्हीच बघा. घोडा सपाट जमिनीवर चारही पाय सरळ ठेवून उभा करा. नमदा न घालता, तंग (पोटाखालचा पट्टा) न आवळता खोगीर फऱ्यांच्या मागे ठेवा आणि बैठकीवर एक सोललेली सुपारी सोडा. ती पुढे घरंगळली तर खोगीर पुढे बसलंय, म्हणजे रुंद. मागे गेली तर पुढचा भाग वर अडकलाय, म्हणजे अरुंद. मधोमध थांबली तर रुंदी साधारण ठीक. मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं मोकळी राहतात का तेही पाहा.

माझा अंदाज खोगीरवाल्यांच्या बाजूने आहे. जून ते सप्टेंबर घोडा उभा राहिला की पाठीचं मांस उतरतं, आणि मे महिन्यात चपखल बसणारं खोगीर त्याच पाठीवर रुंद होतं. शिवाय आपल्याकडच्या दमट हवेत खोगिराच्या खालच्या गादीतल्या लोकरीचे गोळे होतात. निरुपयोगी भरण्याला आपण ‘खोगीरभरती’ म्हणतो, पण खरी खोगीरभरती बिघडली की घोड्याची पाठ जाते. गादीवरून तळहात दाबून फिरवा, गाठी लगेच कळतील.

पण सुपारी बघण्याआधी नमदा घालू नका. एका घोडीची पाठ दुखते म्हणून मी एकावर एक दोन नमदे घातले होते. खोगीर मुळात अरुंद होतं. घट्ट बुटात दोन मोजे घालावेत तसं झालं. आठ दिवसांत कातडी सोलली, आणि त्या जागी उगवलेले पांढरे केस तिच्या पाठीवर कायमचे राहिले. ते मला आजही डाचतं.

सरांचं म्हणणंही सोडून देऊ नका. मागचा पाय दुखत असला की घोडा पाठ आखडून चालतो. खोगीर न घालता, कडक जमिनीवर, हाताने धरून त्याला दुडकी चालवा, सरळ आणि दोन्ही बाजूंना गोल. डोकं किंवा मागचा पुठ्ठा एका बाजूला जास्त हलला तर आधी डॉक्टर आणि नालबंद, खोगीर नंतर.

नवं खोगीर मात्र आत्ता घेऊ नका. पाठ बरी झाल्यावर नुसती चाल, चढ-उतार असं काम दिलं की दोन-तीन महिन्यांत पाठ पुन्हा भरेल, आणि आजच्या मापाचं खोगीर तेव्हा चिमटेल. फऱ्यामागे तीन बोटं सोडून एक जाड, वाकणारी तार पाठीवर आडवी बसवा, तो आकार कागदी पुठ्ठ्यावर गिरवा, तारीख लिहा. दर महिन्याला हेच करा. मग डॉक्टर आणि खोगीरवाले दोघांना एकाच दिवशी गोठ्यावर बोलवा आणि ते पुठ्ठे दोघांसमोर ठेवा. आजवर दोघांनी घोडा वेगवेगळ्या दिवशी पाहिलाय.