'ऑफेन्सिव्ह कॉस्च्युम' म्हणजे आक्षेपार्ह पोशाख का?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या २०१५ च्या हॅलोविन वादावरचा (हॅलोविन म्हणजे नाना वेश घेऊन मिरवायचा तिकडचा सण) लेख मराठीत करताना 'ऑफेन्सिव्ह कॉस्च्युम'ला 'आक्षेपार्ह पोशाख' चालेल का. मला विचाराल तर नको.

एक तर पेपरवाल्यांनी त्या शब्दाची पार वाट लावलीय. 'लॉजवर आक्षेपार्ह अवस्थेत सापडले' वाचत मोठे झालेलो आपण, आक्षेपार्ह पोशाख म्हटलं की तोकडे कपडेच डोळ्यासमोर येणार. येलचं भांडण ते नव्हतंच. तिथल्या एका समितीने मुलांना मेल केला की पिसांचे मुकुट, फेटे, तोंड काळं-लाल रंगवणं असलं काही करायच्या आधी विचार करा, बंदी नव्हती, सल्ला होता, त्यावर तिथल्या सिलिमन या निवासी कॉलेजच्या एरिका क्रिस्टाकिस यांनी उलट मेलमध्ये विचारलं की पोरांना थोडा वाह्यातपणा करायलाही आता जागा उरली नाही का, आणि मग जे पेटलं ते पेटलं.

म्हणजे मुद्दा कपड्याचा नाही, दुसऱ्याचं रूप घ्यायचा. त्याला आपला शब्द आहे की, सोंग! बोहाड्यात देवांची सोंगं निघतात, तमाशात सोंगाड्या असतो, आणि सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं नाही. पोशाख नुसता घालायचा, सोंग आणावं लागतं, समोर बघणारा लागतो.

आता विशेषण. 'आक्षेपार्ह' म्हणजे आक्षेप + अर्ह, आक्षेपाला पात्र, म्हणजे निकाल आधीच लावून मोकळे. 'हिणवणारं' म्हटलं तर हेतू चिकटतो, आणि अर्धं भांडण तर हेतूवरूनच असतं (मी गंमत म्हणून केलं हो!). 'भावना दुखावणारं'ला पोलीस ठाण्याचा वास येतो. मी 'झोंबणारं सोंग' लिहीन, कुणाला झोंबलं एवढंच कळतं.

ब्लॅकफेसला मात्र 'तोंडाला काळं फासणं' चुकूनही लिहू नका. आपल्याकडे काळं दुसऱ्याच्या तोंडाला फासतात, बेअब्रू त्याचीच होते. तिकडे गोरा माणूस स्वतःचंच तोंड रंगवतो आणि खिल्ली काळ्या माणसाची उडते. सरळ ब्लॅकफेस लिहा, हवं तर एकदा समजावून सांगा.

'एक्सप्रेशन'ला अभिव्यक्ती ठीक आहे. १९९१ मध्ये अमेरिकेतल्याच जॉर्ज मेसन विद्यापीठात फ्रॅटर्निटीच्या (म्हणजे मुलांच्या क्लबसारख्या संघटनेच्या) पोरांनी बायकांची सोंगं आणली, एकाने ब्लॅकफेस केला, विद्यापीठाने शिक्षा केली, तर १९९३ मध्ये अपील कोर्टाने ती चालू दिली नाही, तो प्रकार कितीही हिणकस असला तरी अभिव्यक्तीच म्हणे. फक्त ते सरकारी विद्यापीठ होतं आणि येल खाजगी, आणि घटनेतलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य तिकडे सरकारी संस्थांनाच बांधतं, तेव्हा लेखात दोन्हींना एकच नियम लावू नका.

आणि हो, एरिकांचे पती निकोलस सिलिमनचे 'मास्टर' म्हणजे कॉलेजप्रमुख होते, त्याचं 'मास्तर' करू नका, छडीवाले मास्तर आठवतात. गुलामगिरीची आठवण नको म्हणून येलने ते पदनाम २०१६ मध्ये बदलून 'हेड' केलंय, पण तुमच्या लेखातला प्रसंग २०१५ चा, तेव्हा मास्टरच ठेवा.