सही तुझी, निर्णय साहेबांचा

"मावशी, मी मिरजेत राहतो. कुपवाडच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत ११ वर्षं क्वालिटीला आहे. पगार वेळेवर होतो, ओव्हरटाइमही मिळतो. तरी रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो आणि पहाटे तीनला जाग येते. मागच्या महिन्यात मी सदोष म्हणून लाल रंग मारून बाजूला काढलेला लॉट साहेबांनी रंग पुसून पाठवला. माल परत आला आणि खुलासा लिहून घेतला माझ्याकडून. वडील म्हणतात, 'मी तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, कधी रडलो का?' बायको म्हणते, सगळ्यांच्याच नोकऱ्या अशा असतात. सोडून भडंगाचा धंदा करावा म्हणतो. की माझ्यातच काही खोट आहे?"
– एक वाचक, मिरज

अरे बाबा, मावशी म्हणालास म्हणून अरेतुरे करते.

तुझ्या चार पानी पत्रातला थोडाच भाग वर दिलाय. गाळलेल्यातलं दीड पान नुसतं हातोडीबद्दल आहे. कास्टिंगवर, म्हणजे ओतीव नगावर, हळूच मारली की चांगला नग कसा खणखणीत वाजतो, चीर गेलेला कसा बद्द वाजतो. कामाला विटलेला माणूस असं लिहीत नाही. तेव्हा खोटीचं डोक्यातून काढून टाक.

वडिलांशी वाद घालू नकोस, पण त्यांची नोकरी नीट आठवून बघ. पगार बेताचा, गर्दी मरणाची, सुट्ट्या पैशांवरून रोज कटकट. पण त्यांनी दोनदा घंटी मारल्याशिवाय गाडी जागची हलत नव्हती. तुझ्या घंटीला तिथं कोण विचारतंय? गाडी साहेब हाकणार, आणि ठोकली की जबाब तुझा. तुझ्या पोटातला गोळा इथला आहे, पगाराचा नाही.

हे काही मी मनचं सांगत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत पिट्सबर्गच्या परिसरात मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंटना विचारलं होतं, कामावर फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी. वैतागाच्या आठवणी निघाल्या कंपनीच्या कारभाराच्या आणि वरिष्ठांच्या वागण्याच्या. समाधानाच्या निघाल्या फत्ते झालेल्या कामाच्या, कुणीतरी घेतलेल्या दखलेच्या, अंगावर टाकलेल्या जबाबदारीच्या. पगार चांगला असला की कुरकुर थांबते, पण तेवढ्यानं कामावर जीव जडत नाही. (दिवाळीचा बोनस किती दिवस गोड लागतो, ते घरोघरी ठाऊक आहे.) ब्रिटनच्या सरकारी नोकरांचा मायकेल मार्मट या संशोधकांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यात हृदयविकार वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा खालच्या नोकरांत जास्त दिसला, आणि आपल्या कामावर आपला ताबा नसणं हे त्याचं एक मोठं कारण निघालं. म्हणून पहाटेची जाग अंगावर काढू नकोस. बीपी तपासून घे, आणि मन फारच जड झालं तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे.

आता भडंग. सांगली-मिरजेत भडंग करणारे काय कमी आहेत? दुकानदार माल ठेवून घेतील आणि पैसे सवडीनं देतील. आवड असेल तर जरूर कर, पण साहेबाच्या रागानं चुरमुऱ्यांची पोती घरात आणू नकोस.

त्याआधी एक कर. रिजेक्ट केलेल्या मालाचा हीट नंबर (कुठल्या ओतणीतला माल तो), नग, दोष, तारीख रोजच्या रोज लिहून ठेव आणि रिपोर्टची एक प्रत आपल्याकडे ठेव. साहेब तो माल पाठवायचाच म्हणाले तर डेव्हिएशन नोट, म्हणजे दोष असूनही माल सोडल्याचा कागद, पुढे कर. "साहेब, माझी हरकत नाही, फक्त इथं सही द्या." आवाज चढवायचा नाही, ग्रुपवर टाकायचं नाही. गिऱ्हाईकाचा ऑडिटर आला की हेच कागद मागतो, त्यामुळे साहेबांना तोंडावर नाही म्हणता येणार नाही. सही द्यायची म्हटल्यावर बरेच साहेब लॉट परत एकदा बघतात. तुझा बघेलच असं नाही. पण पुढचा खुलासा तुझ्या एकट्याच्या नावावर राहणार नाही.

दोन-तीन महिन्यांत काहीच हललं नाही, तर सोड. कोल्हापूरकडे शिरोलीला, गोकुळ शिरगावला फाउंड्र्या आहेत, आणि कान असलेला इन्स्पेक्टर सहजी मिळत नाही. मुलाखतीत पगाराआधी विचार, "मी थांबवलेला माल कुणाच्या सहीनं जातो?" उत्तर देताना समोरचा अडखळला तर चहा पिऊन परत ये. राजीनाम्याआधी पीएफचं पासबुक बघ. पाच वर्षं कधीच उलटली आहेत, तेव्हा स्वतःहून सोडलीस तरी ग्रॅच्युइटी तुझ्या हक्काची आहे. ग्रॅच्युइटीला धरला जाणारा शेवटचा पगार (मुख्यतः मूळ पगार आणि महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. हिशेब घरी मांडून ठेव, म्हणजे ऑफिसात सांगतील तो आकडा ऐकून घ्यावा लागणार नाही.

आणि बायकोवर रुसू नकोस. तू तिला "सोडतो" एवढंच सांगितलंस, पुसलेल्या लाल रंगाचं सांगितलंच नाहीस, असं तुझ्याच पत्रावरून दिसतंय. आधी ते सांग, भडंगाचा विषय मग काढ.