वहाळाचं पाणी चैत्रात मोजा

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात पाण्यावरच्या विजेबद्दल तीन पत्रं आली. माझी ३१ वर्षांची नोकरी एका धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहात झाली, म्हणून संपादकांनी ती माझ्याकडे दिली. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देतो, कारण त्यात एका घराचे पैसे गुंतणार आहेत.

प्रश्न : आमचं घर सावंतवाडी तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. पोफळीच्या बागेच्या वरच्या अंगाला वहाळ साधारण ४० फुटांवरून खाली येतो. पावसाळ्यात तारांवर झाडं पडतात आणि वीज दोन-तीन दिवस येत नाही. एका विक्रेत्याने ३ किलोवॅटचा संच सुचवला आहे. घ्यावा का?

उत्तर : ताई, इतक्यात आगाऊ रक्कम देऊ नका. आधी बादली आणि सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन वहाळावर जा.

पाण्याची ताकद दोन गोष्टींवर ठरते. पाणी किती उंचीवरून पडतं आणि सेकंदाला किती येतं. तुमची उंची ४० फूट, म्हणजे १२ मीटर. ती बारा महिने तेवढीच राहणार. बदलतं ते पाणी. हिशेब सोपा आहे : सेकंदाला किती लिटर ते घ्या, त्याला मीटरमधल्या उंचीने गुणा, मग ९.८१ ने गुणा. उत्तर वॅटमध्ये येतं. घरगुती संचात त्यातलं निम्मंच हाती लागेल असं धरा, बाकीचं पाइप, टर्बाइन (पाण्याने फिरणारं चाक) आणि जनित्रात जातं.

समजा, वहाळाचं सगळं पाणी पन्हळीतून बादलीत घेतलं आणि १५ लिटरची बादली ५ सेकंदांत भरली. सेकंदाला ३ लिटर झाले. ३ गुणिले १२ गुणिले ९.८१ म्हणजे सुमारे ३५० वॅट, हाती पावणेदोनशे. थोडे वाटतात, पण ते रात्रंदिवस मिळतात. दिवसाला चार युनिटच्या वर. एलईडी दिवे, पंखा, फोनचं चार्जिंग, सगळं भागतं.

आता विक्रेत्याचा ३ किलोवॅटचा संच बघा. तो पूर्ण चालायला याच उंचीवर सेकंदाला ५० लिटरहून थोडं जास्त पाणी लागेल. आषाढात तुमच्या वहाळाला ते असेलही. मार्गशीर्षात असेल का?

हे इतकं कळकळीने लिहितोय त्याला कारण आहे. नोकरीत असताना घाटमाथ्यावरच्या एका वाडीत असाच एक संच बघायला गेलो होतो. लोकांनी पाइप खांद्यावरून चढवले होते, दगडी शेड श्रमदानाने बांधली होती. मी गेलो तो एप्रिल महिना. ओढ्यात दगड तापलेले आणि शेडमध्ये सरपण रचलेलं. पाण्याची मोजणी ऑगस्टमध्ये एकदाच झाली होती, तीही अंदाजाने. एका आजींनी घरातला बल्ब फडक्याने पुसून लख्ख ठेवला होता, पाणी आलं की लागेल म्हणून. त्या वाडीतल्या कोणाचीही त्यात चूक नव्हती. त्यांना पाणी मोजायला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून दसरा, संक्रांत, होळी आणि अक्षय तृतीया अशा चार दिवशी मोजा आणि वहीत लिहा. पावसातल्या लोंढ्याला बादली पुरत नाही. तेव्हा वहाळाचा १० मीटरचा सरळ तुकडा निवडा, त्यात एक सुकी पोफळ सोडा आणि किती सेकंदांत जाते ते बघा. त्यावरून निघालेल्या वेगाला पाण्याची सरासरी रुंदी आणि खोली यांनी गुणा. मापं मीटरमध्ये घेतलीत, तर लिटरसाठी आणखी १,००० ने गुणा. तळाचं पाणी संथ असतं, म्हणून आलेल्या आकड्यातला पाचवा हिस्सा वजा करा.

तुमची गरज मात्र त्या वाडीपेक्षा वेगळी आहे. तुमच्याकडे वीज जाते ती पावसात, वहाळ भरलेला असतो तेव्हाच, आणि ढगांमुळे सौर पॅनेलही तेव्हाच मंदावतं. जून ते डिसेंबर चालणारा लहान संच तुम्हाला खरोखर उपयोगी पडेल. १ किलोवॅटला सेकंदाला १७ लिटर पुरतात. कर्नाटकच्या मलनाडात अशा घरगुती संचांवर दिवे लावणारी कितीतरी घरं आहेत, तिथली जमीन आणि पाऊस तुमच्यासारखाच.

पाइपात काटकसर करू नका. तेवढंच पाणी निम्म्या व्यासाच्या पाइपातून नेलं, तर घर्षणात जाणारा दाब सुमारे ३२ पट होतो आणि ४० फुटांतले किती उरतील सांगता येत नाही. घरात दिवे बंद झाले की जनित्राचा वेग वाढतो, म्हणून उरलेली वीज पाण्यातल्या हीटरकडे वळवणारं नियंत्रक यंत्र संचासोबत हवंच. आणि चेंजओव्हर स्विच (एका वेळी एकच वीज घराला जोडणारा) बसवल्याशिवाय ही वीज घराच्या वायरिंगला जोडू नका. वीज गेलेली असताना तुमच्याकडून ती उलट तारांवर गेली, तर खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाईल.

प्रश्न : ‘लघु जलविद्युत’ म्हणजे नेमकी किती लहान? भारतात तिला वाव किती? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : आपल्याकडे २५ मेगावॅटपर्यंतच्या प्रकल्पाला लघु म्हणतात. त्यातही १०० किलोवॅटपर्यंत सूक्ष्म आणि २ मेगावॅटपर्यंत मिनी. कोयनेचे १,९६० मेगावॅट डोळ्यांपुढे ठेवा, म्हणजे फरक कळेल. पण देशातल्या जलविजेची सुरुवात लहान संचांनीच झाली. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला १० नोव्हेंबर १८९७ रोजी डोंगरी झऱ्यांच्या पाण्यावर वीजगृह सुरू झालं, अवघ्या १३० किलोवॅटचं.

रुरकीच्या आयआयटीने केलेल्या पाहणीत देशभर ७,१३३ जागा आणि सुमारे २१,१०० मेगावॅटचा वाव निघाला. आजवर उभे राहिले ते ५ हजार मेगावॅटच्या आसपास. कर्नाटक यात सगळ्यांच्या पुढे आहे. हिमालयातल्या अनेक जागांना पाणी आणि उंची दोन्ही भरपूर, पण रस्ता नाही, वीज वाहून न्यायला तारा नाहीत, आणि पुराचा धोका कायमचा. २०१३ च्या उत्तराखंडच्या पुरात कितीतरी लहान वीजगृहं गाळाखाली गेली.

महाराष्ट्राचं चित्र निराळं आहे आणि त्याबद्दल मला मनापासून वाटतं. आपल्याकडे धरणं बांधून झाली आहेत. शेतीसाठी आवर्तन सुटतंच. ते पाणी विमोचकातून, म्हणजे धरणाच्या पाणी सोडायच्या दारातून, नुसतं आदळत सोडायचं की टर्बाइनमधून न्यायचं, एवढाच प्रश्न उरतो. वीरला ९ मेगावॅट, पानशेतला ८, कण्हेरला ४, धोमला २, ही सगळी अशीच पायथ्याची वीजगृहं. नवीन गाव बुडत नाही, शेतकऱ्याचं पाणी कमी होत नाही. एक अट मात्र आहे : संच कधी चालायचा ते आवर्तन ठरवतं, विजेची मागणी नाही.

हे काम बाहेरून दिसतं तितकं शांत नसतं. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसानंतरची एक रात्र मला स्पष्ट आठवते. संचाचा भार अचानक निम्म्यावर आला. बेअरिंगचं तापमान ठीक, तेलाचा दाब ठीक. वर जाऊन बॅटरी मारली तर टर्बाइनकडे जाणाऱ्या पाण्याच्या तोंडावरच्या कचरा-जाळीवर सागाची पानं, जलपर्णी आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा हातभर थर. आम्ही चौघं पहाटेपर्यंत दाताळ्याने तो ओढत होतो. म्हणून कुठलंही लहान वीजगृह बघायला गेलात, तर टर्बाइनच्या आधी कचरा-जाळी बघा. ती स्वच्छ असेल तर तिथली माणसं जागी आहेत असं समजा.

प्रश्न : लहान प्रकल्पाने नदीला काही होत नाही असं सांगतात. आमच्या गावाजवळ असा प्रकल्प येऊ घातला आहे. हे खरं मानावं का? (एक शिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर : सरसकट मानू नका, सर. पायथ्याच्या वीजगृहाबद्दल वर लिहिलं. पण नदीवर बंधारा घालून पाणी कालव्याने किंवा पाइपाने दूर खाली नेलं, तर बंधारा आणि वीजगृह यांच्यामधली नदी कोरडी पडू शकते. त्या पट्ट्यात मासे असतात, गुरांचा पाणवठा असतो, एखाद्या वाडीची विहीर असते. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार २५ मेगावॅटपेक्षा कमी क्षमतेच्या जलविद्युत प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी लागत नाही, त्यामुळे या गोष्टी तपासल्या जातीलच असं नाही. ही सूट मला पटलेली नाही. नदी मेगावॅट बघून आटत नाही. वनजमीन लागत असेल तर वनखात्याची परवानगी मात्र घ्यावीच लागते.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नद्यांत कमी पाण्याच्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी वाहतं ठेवायला सांगितलं आहे. ग्रामसभेत तेवढंच धरून विचारा. बंधाऱ्याखाली एप्रिलमध्ये सेकंदाला किती लिटर सोडणार, ते पाणी सोडणारं दार उघडं ठेवायची जबाबदारी कोणाची, आणि मोजपट्टी गावाला दिसेल अशा कोणत्या दगडावर रंगवणार? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.