लेक परदेशात आजारी पडली, तिला परत बोलवू का?

पत्र: मॅडम, मी सेलू तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माझी लेक बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, झाल्यावर एका संस्थेमार्फत सहा महिन्यांसाठी केनियात गेली. किसुमूजवळच्या गावात एका कुटुंबात राहते, शाळेतल्या मुलांच्या आहाराचं काम बघते. फेब्रुवारीअखेर तिची मुदत संपते. तिसऱ्या महिन्यात तिला थंडी वाजून ताप आला. घरच्या लोकांना कशाला त्रास, म्हणून तिनं तीन दिवस इथून नेलेल्या पॅरासिटामॉलवर काढले. उलट्या थांबेनात तेव्हा त्या घरच्या बाईनं रात्रीच दवाखान्यात नेलं. मलेरिया निघाला. शिरेतून औषध दिलं, काही दिवस ठेवून घेतलं. आता ती परत त्याच घरी आहे, पण फार अशक्त झाली आहे. तिचे वडील म्हणतात, तिकीट काढ आणि आण. भावकी म्हणते, पोरीला एवढ्या लांब धाडायचंच कशाला? ती म्हणते, अर्धवट सोडून आले तर सर्टिफिकेट मिळणार नाही, मग एमएसडब्ल्यूच्या मुलाखतीत काय सांगू? मला त्या घरच्या बाईचाही राग येतो. तीन दिवस तिला दिसलं कसं नाही? मी काय करू?

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

करिअरचं नंतर बोलू. आधी तब्येतीचं, कारण पत्रात तुम्ही ‘आता बरी आहे’ असं धरून चालला आहात आणि मला तेवढी खात्री वाटत नाही.

आफ्रिकेतला बहुतेक मलेरिया फाल्सिपेरम जातीचा असतो आणि मलेरियात तोच सगळ्यात घातक. शिरेतून औषध दिलं म्हणजे बहुधा आर्टेसुनेट दिलं असणार. डिस्चार्जच्या कागदावर नाव असेल, लेकीला फोटो पाठवायला सांगा. हे औषध जीव वाचवतं, पण ते घेतलेल्या काही रुग्णांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नंतरच्या आठवड्यांत फुटू लागतात आणि हिमोग्लोबिन अचानक उतरतं. म्हणून पुढचे चार आठवडे दर आठवड्याला रक्त तपासून घ्यायचं असतं. तिचा अशक्तपणा साधा आहे की रक्त कमी झालंय, हे फोनवर आवाज ऐकून ना तुम्हाला कळणार ना मला. शिरेतल्या औषधानंतर तीन दिवसांच्या गोळ्यांचा कोर्स देतात. तो पुरा झाला का, तेही विचारा. त्यातल्या नेहमीच्या गोळ्या दूध किंवा तेला-तुपाच्या जेवणासोबत घेतल्या तर अंगी लागतात. उपाशीपोटी घेतल्या असतील तर तिथल्या डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं. पुन्हा ताप, लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, दम लागणं, बोलण्यात असंबद्धपणा, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सकाळची वाट पाहायची नाही.

तुमच्या गावात कुणाला थंडीताप आला तर आशाताई रक्ताची काचपट्टी घेते. लेकरांना जुलाब लागले तर तुम्ही स्वतः ओआरएसची पुडी देऊन आईला बजावता की थांबू नको, पीएचसीत ने. हे सगळं तुमच्या लेकीनं लहानपणापासून पाहिलं आहे. तरी स्वतःच्या बाबतीत ती तीन दिवस गप्प बसली. ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, आणि परत आणायचं की नाही याचा निर्णयही माझ्या मते इथूनच निघतो.

आपल्याकडं मुलींना शिकवलेलं असतं की दुसऱ्याच्या घरी उशिरापर्यंत लोळायचं नाही, ताटात पडेल ते खायचं, दुखलं-खुपलं तर अंगावर काढायचं. घरातल्या बाया तेच करताना दिसतात, मग निराळं सांगावंही लागत नाही. मराठवाड्यातून बाहेर पडणाऱ्या, नेटानं काम करणाऱ्या मुलींमध्ये हा संकोच मी फार पाहते. पुण्यात खोली करून राहणारी मुलगी डेंगीच्या तापात वर्गात बसते, कारण घरमालकिणीला सांगायला तिला अवघड वाटतं. पुण्यात निभावून जातं. फाल्सिपेरममध्ये तीन दिवस म्हणजे फार झाले.

आता त्या घरच्या बाईविषयी. तुमचा राग मला समजतो, पण तो सोडा असंच मी म्हणेन. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर आहे आणि त्या पट्ट्यात मलेरिया बारमाही आहे. नैरोबी साधारण 1700 मीटर उंचीवर असल्यामुळं तिथं तो फार कमी. म्हणून नैरोबीतल्या कुणी ओळखीच्या माणसानं ‘इकडं मलेरिया-बिलेरिया काही नसतं’ असं सांगितलं, तर ते किसुमूला लागू होत नाही. सरोवराकाठच्या माणसांना लहानपणापासून तो पुन्हा पुन्हा होतो आणि मोठेपणी त्यांच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते. त्यांना ताप येतो, गोळ्या घेतात, दोन-चार दिवसांत कामाला लागतात. तुमच्या लेकीच्या अंगात ती शक्ती नाही आणि एकदा मलेरिया झाला म्हणून येतही नाही. त्या बाईनं दाराआड ‘डोकं दुखतंय, झोपते’ एवढंच ऐकलं असणार. खरं काय ते कळलं तेव्हा परक्याच्या पोरीला घेऊन ती रात्रीची घराबाहेर पडली. तिला एकदा फोन करा. लेक मधे दुभाषी होईल. आभार माना आणि मोकळेपणानं सांगा, ‘माझी पोर दुखणं लपवते, अंग गरम लागलं तर तिचं ऐकू नका, थेट न्या.’ एका आईनं दुसऱ्या आईला असं सांगितलं की ती लेकीकडं वेगळ्या नजरेनं बघेल. आणि खाण्याचंही विचारा. तिकडं नाचणीच्या पिठाची उजी करतात, आपल्या आंबिलीसारखी पातळ. आजारातून उठलेल्या माणसाला ती पचते, पण मागितल्याशिवाय मिळायची नाही आणि तुमची लेक मागणार नाही. तिला मागायला लावा.

मग परत आणायचं का? लगेच तिकीट काढू नका, असं माझं मत आहे. इतक्या अशक्तपणात लांबचा, विमानं बदलत करायचा प्रवास तिला झेपणार नाही. निदान दोन आठवडे विश्रांती, रक्ताच्या तपासण्या, मग निर्णय. आणि तो तिनं घ्यावा, तुम्ही सोबत राहावं. पण थांबायचंच असेल तर आधी संस्थेकडून काही गोष्टी लेखी मागून घ्या. रात्री-अपरात्री फोन उचलणारा एक माणूस कोण? जवळचा दवाखाना किती अंतरावर आणि जायला वाहन कुणाचं? पहिले काही आठवडे अर्धवेळ काम चालेल का? निघण्याआधी मलेरिया टाळण्याच्या गोळ्यांविषयी तिला सांगितलं होतं का? अशा गोळ्या असतात. डॉक्सीसायक्लिन रोज घ्यावी लागते आणि त्या भागातून निघाल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते. कुठली गोळी, कधीपासून, हे तिथले डॉक्टर ठरवतील. गोळी घेतली तरी औषध लावलेली मच्छरदाणी सुटत नाही. संस्थेनं या प्रश्नांना गोलमोल उत्तरं दिली तर मात्र मी म्हणेन, घेऊन या. कारण ज्या ठिकाणी आजारी माणसाची जबाबदारी कुणाचीच नसते, तिथं बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीनं जिद्दीनं टिकून राहण्यात मला काहीच कौतुक वाटत नाही.

सर्टिफिकेटचं सांगते. पूर्ण मुदतीचं मिळालं नाही तरी जितके महिने काम केलं त्याचं पत्र मागता येतं: कुठून कुठपर्यंत, काय काम, कुणाच्या देखरेखीखाली. तिथल्या पर्यवेक्षकाकडून शिफारसपत्रही आताच घ्यावं, ओळख ताजी आहे तोवर. बायोडेटात तारखा खऱ्या लिहायच्या. मुलाखतीत कुणी विचारलं, तर ‘मलेरियामुळं परतले’ एवढं एक वाक्य पुरे. त्यापुढं तिनं कामाविषयी बोलावं. शाळेत मुलं काय खातात, ताटात काय उरतं, गैरहजेरी कधी वाढते, आणि अंगणवाडीतल्या पोषण आहाराशी ताडून पाहिलं तर काय दिसतं. अंगणवाडी सेविकेची मुलगी हे जितक्या बारकाईनं सांगू शकेल तितकं त्या खोलीत बसलेली फार थोडी मुलं सांगू शकतील. तिनं आजपासून रोज वहीत टिपून ठेवावं.

एमएसडब्ल्यूची तारीख मात्र विसरू नका. मुंबईच्या टिससारख्या (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) संस्थेत आता पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही देशभराची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अलीकडच्या वर्षांत फॉर्म डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास निघाले आणि परीक्षा मार्चमध्ये झाली. म्हणजे फेब्रुवारीअखेर परतली तर अभ्यासाला जेमतेम वेळ उरतो, आणि अंगात ताकद नसेल तर तोही नाही. मला विचाराल तर तब्येत सुधारल्यावरही तिनं जानेवारीत परतण्याचा विचार करावा. फॉर्म तिकडून ऑनलाइन भरता येईल.

आणि लवकर परतली तर कामाला इथं तोटा नाही. बीडच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या, शाळा न पाहिलेल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवलं. 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजही परदेशातून लोक तिथं शिकायला येतात. धाराशिव जिल्ह्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम आहे. भावकीतल्या लोकांना हे सांगा. आपल्याकडं बाहेरची पोरं शिकायला येतात, तशी आपली पोर तिकडं गेली. आजार सेलूतही झाला असता.

थोडं कागदांचं. विमा कंपनीला अजून कळवलं नसेल तर आजच कळवा, पॉलिसीत त्यासाठी मुदत दिलेली असते. डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या मूळ पावत्या, गाडीभाड्याचीही पावती जपून ठेवायला सांगा. स्वयंसेवी कामावर असताना झालेला आजार पॉलिसीत बसतो का, ते कलम वाचून घ्या. संस्था हात झटकू लागली तर नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयाशी बोला. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

येताना पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत हातातल्या बॅगेत हवं. ते नसेल तर विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. आणि घरी आल्यावर पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला, तर सेलूत असो की परभणीत, डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं की ही केनियातून आली आहे आणि तिला फाल्सिपेरम झाला होता. नाहीतर डेंगी आणि टायफॉइडच्या तपासण्यांत दोन दिवस निघून जातील. पहिली मलेरियाची तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायला सांगा.

डिस्चार्जच्या कागदाचा फोटो आला की मलाही पाठवा. संस्थेला पाठवायच्या पत्राचा मसुदा आपण मिळून करू.