अमेरिकेत लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षी सगळं पैशावरच का येतं?

तुमचा प्रश्न असा की कॉन्ट्रॅक्ट्सच्या तासाला 'हा अन्याय आहे' म्हटलं की प्राध्यापक लगेच 'मग किती डॉलर द्यायचे?' असं विचारतात, तर तिथे न्यायाला जागा आहे का. आहे. कोणता आकडा धरायचा, या वादातच ती आहे.

पीव्हीहाउस विरुद्ध गार्लंड कोल (ओक्लाहोमा, १९६२) हा खटला नीट वाचा. एका शेतकरी जोडप्याने कोळशासाठी जमीन भाडेपट्ट्याने दिली आणि खोदकाम संपल्यावर ती नीट करून देण्याची अट करारात घालून घेतली. कंपनीने कोळसा काढला, ते काम मात्र केलं नाही. कामाचा खर्च सुमारे २९,००० डॉलर. काम न झाल्याने शेताची किंमत घटली जेमतेम ३०० डॉलरने. ज्यूरीने ५,००० दिले, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्याचे ३०० केले.

उत्तरपत्रिकेत आधी हे आकडे मांडा, मग प्रत्येकामागचा न्यायाचा दावा लिहा. शेतकऱ्याच्या बाजूने: ही अट नसती तर त्यांनी सहीच केली नसती (विरोधी निकालपत्रात हे आहे), आणि ३००वर सोडलं तर करार मोडून वाचलेला सगळा खर्च कंपनीच्या खिशात राहतो. कंपनीच्या बाजूने: अख्ख्या शेताची किंमत ५,०००च्या आत, २९,००० हातात पडल्यावर ते जमिनीवरच खर्च होतील याची खात्री काय? बहुमताने ही अट कराराच्या मूळ हेतूच्या, म्हणजे कोळसा काढण्याच्या, मानाने दुय्यम ठरवली. मला निकालाचा हाच भाग सर्वांत कच्चा वाटतो. कंपनीसाठी ती दुय्यम असेल, जमिनीच्या मालकासाठी नव्हती.

शेजारी ग्रोव्ह्ज विरुद्ध वंडर (मिनेसोटा, १९३९) ठेवा. तिथेही जमीन नीट करून देण्याचं काम राहिलं होतं; त्याचा खर्च ६०,००० डॉलर आणि काम पूर्ण झालं असतं तरी जमिनीची किंमत १२,१६० डॉलर. तरीही करारभंग जाणूनबुजून केलेला म्हणून कोर्टाने भरपाईला घटलेल्या किमतीचं नव्हे, तर कामाच्या खर्चाचं माप लावलं. म्हणजे माप निवडणं ही निव्वळ आकडेमोड नव्हे.

एक चूक फार होते. विल्यम्स विरुद्ध वॉकर-थॉमस (१९६५) मधला मुद्दा, म्हणजे करारच मुळात जाचक होता हा, मुलं भरपाईच्या प्रश्नात घुसवतात. तो तपासताना करार झाला त्या वेळची स्थिती बघतात: अटी किती एकतर्फी, दुसरा पर्याय होता का. पीव्हीहाउसमध्ये करार जाचक असल्याची तक्रारच नाही. तो पाळला नाही ही तक्रार आहे.

भारतात एलएलबी करून गेला असाल तर भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ची सवय आवरा. आपल्याकडे करार मोडल्यास द्यायची म्हणून करारात ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा, तिच्या आत कोर्ट वाजवी भरपाई देतं. तिकडे ती रक्कम दंड ठरली तर करारातली ती अटच बाद होते आणि प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करावं लागतं.