.३७५ च्या वर जायचं आहे: .४१६ रिग्बी, .४५८ लॉट की .५०० जेफरी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) पाच वर्षं वापरताय, पुढच्या वर्षी केप बफेलो, म्हणजे आफ्रिकेतल्या रानरेड्याच्या शिकारीचं ठरलंय, पुढेमागे हत्तीचंही मनात आहे. म्हणून आता ‘खरी मोठी’ रायफल घ्यायची, आणि या तीन काडतुसांत तुम्ही अडकलाय. (नावातला आकडा म्हणजे गोळीची साधारण जाडी, इंचांत.)

.४१६ घ्या. मी लॉट घेऊन दोन वर्षं वापरली, मग विकली आणि .४१६ वर आलो, त्यामुळे हे नुसतं वाचून सांगत नाहीये.

आधी आकडे उरकून टाकू. .३७५ ची ३०० ग्रेनची (साधारण १९ ग्रॅमची) गोळी सेकंदाला साधारण २,५३० फुटांनी सुटते, ऊर्जा ४,३०० फूट-पाउंडांच्या जवळपास. .४१६ ची ४०० ग्रेनची २,४०० च्या आसपास, ऊर्जा ५,००० च्या थोडी वर. लॉटची ५०० ग्रेनची २,३००, ऊर्जा ५,८०० च्या पुढे. वाचताना प्रत्येक पायरी सारखीच वाटते. खांद्याला तशी वाटत नाही. साडेचार किलोच्या रायफलीत .३७५ चा धक्का ४० फूट-पाउंडांच्या आसपास असतो, .४१६ चा ६० च्या आणि लॉटचा ७० च्या वर. (.३०-०६ चा धक्का २० च्या आसपास असतो, हे मनात ठेवलंत की अंदाज येईल.) ४० चा धक्का बहुतेकांना सरावाने पचतो. ६० चा मेहनतीने पचतो. ७० च्या पुढे पचवणारे असतात, पण ‘मला पचतोय’ असं समजणारे त्यांच्या कितीतरी पट असतात. मी त्या दुसऱ्या गटातला होतो.

हे मला कळलं ते नकली काडतुसामुळे. हा प्रयोग तुम्हीही कराच. मित्राच्या हातात मॅगझिन द्या आणि त्याला खऱ्या काडतुसांत एखादं नकली मिसळायला सांगा, कुठे घातलंय ते तुम्हाला कळू न देता. माझ्या वेळी दोन फैरी झाल्या, निशाणही बरं लागलं. तिसऱ्या वेळी चाप ओढला, नुसता ‘टक्’ आवाज आला, आणि नळीचं तोंड चांगलं चार बोटं खाली गेलं. धक्का नाही, आवाज नाही, तरी माझे डोळे मिटलेले आणि खांदा पुढे आलेला. मित्र हसला नाही, हे जास्त लागलं. शंभर मीटरवरच्या कागदावर हे फारसं दिसत नाही, कारण बाकावर रेतीच्या पिशव्या रायफल धरून ठेवतात. तीस पावलांवर जखमी रानरेडा उभा असताना पिशव्या नसतात.

आणि जो झटका सहन होत नाही, तो पहिल्या गोळीपेक्षा दुसऱ्या गोळीला जास्त नडतो. रानरेडा एका गोळीत जागेवर बसेल असं धरून कोणी चालत नाही. उभा आहे तोवर मारत राहायचं असतं. .४१६ ची दुसरी गोळी मी लॉटच्या दुसऱ्या गोळीच्या जवळजवळ निम्म्या वेळात नेमावर आणतो. पहिल्या गोळीतल्या ७०० फूट-पाउंडांच्या फरकापेक्षा मला हा फरक मोठा वाटतो.

लॉटची निंदा करतोय असं समजू नका. काडतूस उत्तम आहे आणि ते निघालं एका खऱ्या अडचणीतून. १९५६ साली .४५८ विंचेस्टर मॅग्नम आली. तिच्या अडीच इंची पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी कोशात, दारू इतकी दाबून भरावी लागे की काही काडतुसांत ती घट्ट होऊन बसायची, नीट जळायची नाही आणि गोळीचा वेग घसरायचा. जॅक लॉट नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याला १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये रानरेड्याने जखमी केलं, तेव्हा त्याच्या हातात हीच .४५८ होती. पुढे त्याने पुंगळी २.८ इंचांची केली. शिवाय लॉटच्या रायफलीत .४५८ विंचेस्टरचं काडतूसही चालतं. सरावाला हलकं, शिकारीला भारी. मला भुरळ पडली ती यामुळेच.

माझी रायफल जुनी होती, मूळची .४५८ विंचेस्टर, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) वाढवून लॉट केलेली. विकणाऱ्याने काम चोख झालंय म्हणून सांगितलं होतं. रेंजवर बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारा दांडा, सावकाश मारला की काडतुसं लोण्यासारखी जायची. जोरात मारला की मॅगझिनमधल्या शेवटच्या काडतुसाचं नाक रॅम्पवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) अडकायचं आणि काडतूस तिरकं उभं राहायचं. चेंबर वाढवलं होतं, पण मॅगझिनचे ओठ आणि रॅम्प लांब काडतुसासाठी घासून बसवलेच नव्हते. म्हणून कुठलीही मोठी रायफल घेताना नकली काडतुसांनी पूर्ण मॅगझिन भरा, रायफल खांद्याला लावा आणि राग आल्यासारखा बोल्ट मारा. दहा मॅगझिन तरी. एकदाही अडकली तर दुरुस्त होईपर्यंत पैसे देऊ नका.

या कसरतीत आणखी एक गोष्ट कळेल. .३०-०६ चं काडतूस ३.३४ इंच लांब असतं, लॉटचं ३.६ आणि रिग्बीचं ३.७५. छोट्या रायफलीच्या सवयीने आपण बोल्ट पूर्ण मागे ओढतच नाही. पुंगळी बाहेर पडते, नवं काडतूस उचललंच जात नाही आणि आपण रिकाम्या चेंबरवर चाप ओढतो. तुम्ही .३७५ वाले आहात, तेही ३.६ इंचीच, म्हणजे तुमचा हात निम्मा तयार आहे.

बोल्ट शक्यतो माउझर ९८ धाटणीचा बघा. त्यात रुंद एक्स्ट्रॅक्टर काडतुसाला मॅगझिनमधून वर येतानाच पकडतो आणि पुंगळी फेकेपर्यंत सोडत नाही. साध्या पुश-फीड रायफलीही, ज्यांत बोल्ट काडतूस नुसतं पुढे ढकलतो, चालतात, हजारो लोक वापरतात. पण घाबरलेल्या माणसाने अर्धवट मारलेल्या बोल्टला माउझर जास्त सांभाळून घेतो, आणि त्या क्षणी आपण सगळेच घाबरलेले असतो.

आता .४१६ मध्येही दोन काडतुसं आहेत: रिग्बी की रेमिंग्टन. गोळी तीच, वेग जवळपास तोच. फरक दाबाचा. .४१६ रिग्बी १९११ ची, कॉर्डाइट या जुन्या दारूच्या जमान्यातली. पुंगळी मोठी, त्यामुळे दाब कमी; कडक उन्हात तापलेलं काडतूसही चेंबरला चिकटून बसत नाही. .४१६ रेमिंग्टन मॅग्नम १९८० च्या दशकाच्या अखेरीस आली, लहान पुंगळीत जास्त दाबाने तेच काम करते. रिग्बीच्या जाड पुंगळीला मोठी, महाग ॲक्शन (बोल्टची सगळी यंत्रणा) लागते, रेमिंग्टन तुमच्या .३७५ च्या मापाच्या ॲक्शनमध्ये बसते. मी रिग्बी घेतली, निम्मं कारण भावनिक. पैसे मोजून घ्यायची असेल तर रेमिंग्टनमध्ये काहीही कमी नाही.

.५०० जेफरीबद्दल फार लिहीत नाही. जखमी जनावर झुडपातून अंगावर येतं तेव्हा ते थांबवायचं काम शिकाऱ्यासोबतच्या व्यावसायिकाचं, आणि ही रायफल त्याच्यासाठी आहे. तुम्ही पाहुणे आहात, तुमचं काम पहिली गोळी जागच्या जागी घालण्याचं. दुनळी .४७० नायट्रो एक्सप्रेसचंही तेच, वर किंमत. नावांवरही फार जाऊ नका: .४०४ जेफरीची गोळी .४२३ इंचाची असते आणि .४७० ची जवळजवळ .४७५ ची. .४६५, .४७०, .४७५ ही गर्दी झाली तीही ब्रिटिश सरकारमुळे. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर बंदी आली, बंडखोरांच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना त्या काडतुसांचा उपयोग होऊ नये म्हणून, आणि बंदूक बनवणाऱ्यांनी बंदीच्या शेजारची मापं काढली.

काडतुसापेक्षा गोळीवर जास्त डोकं खर्च करा. रानरेड्याला पहिली गोळी चांगल्या बांधणीची सॉफ्ट, जी फुलते पण फुटत नाही. कळपात सॉलिड, म्हणजे न फुलणारी गोळी, मारली तर आरपार जाऊन मागच्याला लागायची भीती. त्याच्या मागे मॅगझिनमध्ये सॉलिड, कारण दुसरी गोळी बहुधा पळत्या जनावराला मागून किंवा तिरकी लागते आणि तिला खोल जावं लागतं. हत्तीला फक्त सॉलिड, अखंड पितळी किंवा तांब्याची, सपाट नाकाची. आणि जिथे जाताय तिथला नियम आधी बघा. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी अशा जनावरांना .३७५ ही किमान मर्यादा आहे आणि नामिबियासारखे देश ऊर्जेचा आकडाही लावतात, रानरेडा-हत्तीला ५,४०० जूल (सुमारे ४,००० फूट-पाउंड).

उरलेलं भराभर. दुर्बीण कमी ताकदीची, १ ते ४ किंवा १ ते ६, आणि डोळ्यापासून निदान नऊ सेंटिमीटर अंतर देणारी. माझ्या उजव्या भुवईवर अजून चंद्रकोर आहे. दुर्बीण झटक्यात निघावी आणि खाली लोखंडी मक्षिका नेमावर बसवलेली असावी. दस्त्यातून मजबुतीसाठी आडवे बोल्ट गेलेले आहेत का बघा, नाहीतर लाकूड पकडीपाशी चिरतं. नळीच्या तोंडाला ब्रेक (वायू बाजूला फेकणारा तुकडा) लावून धक्का कमी होतो, पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या कानांची वाट लागते. सराव उभ्याने, तिकाटण्यावरून, एका दिवसात दहा-बारा फैरी, दुहेरी कानबंद लावून. बाकावर बसून फक्त दुर्बीण जुळवून घ्या आणि उठा.

आणि नवी रायफल घेण्यासाठी .३७५ विकायचा विचार असेल तर नका विकू. सामान विमानतळावर हरवलं तर .३७५ ची पेटी कुठल्याही शिकारी छावणीत उसनी मिळते. .४१६ रिग्बीची मिळेलच असं नाही, मला एकदा नव्हती मिळाली, आणि तो रानरेडा मी उसन्या .३७५ नेच मारला.